डिझेल नावाचा माणूस

डिझेल हा शब्द आपण दिवसातून किती वेळा ऐकतो? एसटीच्या मागून चालताना, होस्टेलच्या जनरेटरचं तेल संपल्यावर, पंपावरच्या पाटीवर भाव वाचताना. थर्मोच्या पेपरात तर डिझेल सायकल हमखास! पी-व्ही डायग्रॅम काढायचा, कट-ऑफ रेशो लिहायचा, मार्क घ्यायचे आणि विसरून जायचं. पण डिझेल हे आधी एका माणसाचं आडनाव होतं, हे आपल्यापैकी कितीजणांच्या डोक्यात असतं? पेट्रोल हे कुणाचं आडनाव नाही, रॉकेलही नाही. डिझेल मात्र आहे!

या माणसाची आठवण काढायला आज एक कारणही आहे. फायनल इयरला प्लेसमेंट झालं की पहिला पगार हातात येण्याआधीच छोट्या गाडीची चर्चा सुरू होते. स्टाफरूममध्येही वेगळं काही चालत नाही. पहिला प्रश्न ठरलेला : ॲव्हरेज किती देते? हल्ली त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो : पर्यावरणाला कोणती बरी? बहुतेकांचं उत्तर तयार असतं. जी कमी तेल पिते ती! तेल कमी, खर्च कमी, प्रदूषणही कमी. सरळ हिशेब. हा सरळ हिशेब कुठवर खरा आणि कुठून पुढे चुकतो, हे समजून घ्यायचं तर रुडॉल्फ डिझेलची गोष्ट माहीत हवी.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसचा. आईवडील मात्र बव्हेरियाचे, म्हणजे जर्मन. वडील थिओडोर यांचं चामड्याच्या वस्तू बनवण्याचं छोटंसं वर्कशॉप होतं. पैसा बेताचाच. लहानगा रुडॉल्फ तयार माल गिऱ्हाइकांकडे पोचवायला मदत करायचा आणि वेळ मिळाला की पॅरिसच्या तांत्रिक संग्रहालयातली जुनी यंत्रं बघत बसायचा. १८७० साली फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि पॅरिसमधल्या जर्मन लोकांना शहर सोडावं लागलं. डिझेल कुटुंब लंडनला गेलं. तिथे एवढ्या माणसांचं भागेना, तेव्हा बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीतल्या आउग्सबुर्ग गावी काकांकडे पाठवून दिलं. काका गणिताचे मास्तर. पोराचं नशीब इथेच पालटलं म्हणायचं.

चौदाव्या वर्षी रुडॉल्फने घरी कळवून टाकलं की आपल्याला इंजिनिअर व्हायचंय. आईवडिलांचं म्हणणं, शिक्षण पुरे झालं, आता कामाला लाग. (ओळखीचं वाटतंय ना?) पण पोरगा हुशार निघाला. स्कॉलरशिप मिळवली आणि १८७५ मध्ये म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला.

तिथे त्याला शिकवायला होते कार्ल फॉन लिंडे. रेफ्रिजरेशन शिकताना ज्यांचं नाव येतं, तेच हे लिंडे. एका लेक्चरला त्यांनी वाफेच्या इंजिनाचा हिशेब मांडला. कोळशातली जेवढी उष्णता आपण जाळतो, त्यातला जेमतेम दहावा हिस्सा कामाला येतो. बाकी सगळी चिमणीतून आणि थंड पाण्यातून वाया. त्याच तासाला कार्नोचं आदर्श इंजिनही आलं. दोन तपमानांच्या मध्ये राहून जास्तीत जास्त किती काम काढता येईल, त्याची निसर्गाने आखलेली वरची मर्यादा. विद्यार्थी रुडॉल्फने वहीच्या समासात स्वतःसाठीच एक टिपण केलं : या आदर्शाच्या जवळ जाणारं इंजिन प्रत्यक्षात बनवता येईल का, याचा विचार करायचा. साल होतं १८७८, वय वीस.

लेक्चरला समासात आपणही बरंच काही लिहितो म्हणा! पण हे एक टिपण पुढे पस्तीस वर्षं त्या माणसाच्या मानगुटीवर बसलं.

१८७९ मध्ये ऐन परीक्षेच्या वेळी त्याला टायफॉइड झाला आणि बरोबरच्यांबरोबर परीक्षा देता आली नाही. मधल्या काळात त्याने स्वित्झर्लंडच्या सुल्झर कारखान्यात प्रत्यक्ष काम केलं. १८८० च्या जानेवारीत परीक्षा दिली आणि अत्युत्तम गुणांनी पास झाला. मग पॅरिसमध्ये लिंडेसरांच्याच बर्फाच्या कारखान्याचं काम. १८८३ मध्ये मार्थाशी लग्न, पुढे तीन मुलं, १८९० मध्ये बर्लिनला बदली. नोकरी रेफ्रिजरेशनची आणि डोक्यात इंजिन! वाफेऐवजी अमोनियाची वाफ वापरून पाहण्यात त्याने काही वर्षं घालवली. ते जमलं नाही. पण त्या खटपटीतून एक कल्पना पक्की झाली.

कल्पना अशी : सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची आणि ती इतकी दाबायची की दाबण्यानेच ती प्रचंड तापेल. सायकलला पंप मारताना पंपाचं तोंड गरम लागतं, तेच तत्त्व. मग त्या तापलेल्या हवेत थोडं थोडं इंधन सोडायचं. ते आपोआप पेट घेईल. स्पार्क प्लग नको, काही नको. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन आधीच मिसळलेलं असतं, त्यामुळे फार दाबलं तर ते नको त्या वेळी पेटतं, म्हणजे नॉकिंग होतं. इथे नुसतीच हवा, त्यामुळे कॉम्प्रेशन रेशो वाढवायला मोकळीक. आणि कॉम्प्रेशन रेशो वाढला की एफिशियन्सी वाढते, हे आपण घोकलेलंच आहे.

२८ फेब्रुवारी १८९२ या तारखेचं जर्मन पेटंट त्याला मिळालं. १८९३ मध्ये त्याने आपली थिअरी पुस्तकरूपाने छापली. आउग्सबुर्गचा यंत्र कारखाना आणि क्रुप यांनी पैसा लावायचं कबूल केलं. १० ऑगस्ट १८९३ ला पहिलं इंजिन फिरवून पाहिलं. इंधन आत गेलं, दाब भलताच वाढला, आणि दाब मोजायचा इंडिकेटरच स्फोट होऊन उडाला! डिझेल आणि त्याचा सोबती थोडक्यात वाचले. पण दोघांना कळलं ते एवढंच, की इंधन पेटतंय! आपलं प्रॅक्टिकल फसलं की आपण रीडिंग ‘ॲडजस्ट’ करतो. याने चार वर्षं पुन्हा पुन्हा इंजिन बदललं. १७ फेब्रुवारी १८९४ ला ते पहिल्यांदा स्वतःच्या जोरावर फिरलं, जेमतेम एक मिनिट.

बरोबर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ ला, म्युनिकचे प्रोफेसर मॉरिट्झ श्रोटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. इंजिन अठरा-वीस हॉर्सपॉवरचं, इंधन म्हणून रॉकेल. निकाल : एफिशियन्सी २६.२ टक्के. वाफेच्या इंजिनांची मजल दहा टक्क्यांच्या आसपास होती, त्या काळात! एका फटक्यात दुपटीच्या वर. एका हॉर्सपॉवरसाठी तासाला सुमारे २४० ग्रॅम इंधन पुरलं. त्या दिवसापासून डिझेलचं नाव युरोपभर झालं. परवाने विकले गेले, अमेरिकेचे हक्क बिअरवाल्या अडोल्फस बुशने घेतले. आणि गंमत बघा, ठिणगीशिवाय चालणारं हे इंजिन १८९८ मध्ये पहिल्यांदा ज्या कारखान्याला विकलं गेलं, तो केम्प्टन गावचा कारखाना काड्यापेट्यांचा होता!

इथे थोडं थांबून एक गोष्ट लक्षात घेऊ. डिझेलला हे इंजिन का हवं होतं? नुसती टक्केवारी वाढवायला नाही. वाफेचं इंजिन परवडायचं ते मोठ्या कारखान्यांना. छोट्या कारागिराला ते झेपत नसे, त्यामुळे छोटे धंदे मोडत होते आणि माणसं शहरांतल्या कारखान्यांकडे लोटली जात होती. छोटं, स्वस्तात चालणारं इंजिन हाती आलं तर कारागीर आपल्या गावी, आपल्या दुकानात टिकेल, हे त्याचं स्वप्न होतं. १९०३ मध्ये त्याने सॉलिडॅरिझम नावाचं पुस्तकही लिहिलं, कामगारांनी थोडे थोडे पैसे घालून आपलेच उद्योग उभे करावेत अशा विचाराचं. ते फारसं कुणी विकत घेतलं नाही. आणि इंजिनाचं झालं उलटंच. त्यात हवेच्या जोराने इंधन आत फवारावं लागे, त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे. सगळं धूड इतकं जड झालं, की ते मोठे कारखाने, वीजकेंद्रं आणि जहाजं यांनाच सोयीचं पडलं. ज्याच्यासाठी आंबा लावला, त्याला कैरीसुद्धा मिळाली नाही.

प्रसिद्धी मिळाली तसे वादही आले. टीकाकार म्हणू लागले, पेटंटात लिहिलेलं इंजिन एक आणि बनवलेलं दुसरंच. यात तथ्य होतं. कार्नोच्या जवळ जाणारं मूळ गणित त्याला सोडावं लागलं होतं, कारण त्याला लागणारे दाब त्या काळचं लोखंड सोसू शकत नव्हतं. सुरुवातीच्या इंजिनांच्या तक्रारी आल्या, काही परत आली. कोर्टकज्जे, डोकेदुखी, झोप नाही. १८९८ च्या सुमारास तो मानसिकदृष्ट्या कोलमडला आणि काही काळ आरोग्यधामात राहिला. परवान्यांचा पैसा आला होता, त्यातून म्युनिकला मोठा बंगला बांधला. पण जमिनींच्या व्यवहारांत पैसा बुडत गेला. यंत्राचा हिशेब चोख, घरचा मात्र कच्चा.

१९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. तिथेच एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं. डिझेलने इंजिन मुळात शेंगतेलासाठीच बनवलं, अशी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. ती खरी नाही. हा प्रयोग फ्रेंच सरकारच्या इच्छेवरून ऑटो कंपनीने केला होता. त्यांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत शेंगा भरपूर पिकत. पण डिझेलच्या मनात ती गोष्ट राहिली. १९१२ मध्ये तो जाहीर भाषणांतून सांगत होता, की वनस्पती तेलांना आज महत्त्व नसलं तरी पुढे येऊ शकेल. आपल्याकडे २००० नंतरच्या दशकात करंज आणि मोगली एरंडाच्या बायोडिझेलवर किती कॉलेजांत प्रोजेक्ट झाले, ते मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको! २००९ च्या राष्ट्रीय धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट होतं. ते गाठता आलं नाही. शेंगतेलाच्या एका इंजिनाला एक पोतं पुरतं, देशाच्या गाड्यांना शेतं लागतात, आणि शेतात आधी धान्य लागतं.

१९१२ मध्ये सेलांडिया हे डिझेलवर चालणारं मोठं मालवाहू जहाज कोपनहेगनहून थेट बँकॉकला गेलं. डिझेलचं इंजिन जग जिंकत होतं आणि डिझेल स्वतः कर्जात रुतत होता. २९ सप्टेंबर १९१३ ला तो इंग्लंडला जायला अँटवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या बोटीत चढला. सोबत्यांबरोबर जेवला, दहाच्या सुमारास केबिनकडे गेला, सकाळी सव्वासहाला उठवा असं सांगून. सकाळी केबिन रिकामी होती. डेकवर कठड्यापाशी त्याची टोपी आणि ओव्हरकोट नीट ठेवलेला सापडला. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक मृतदेह दिसला. खिशातल्या वस्तूंवरून मुलाने ओळख पटवली. खून, अपघात, अशा वावड्या आजही उठतात. पण त्याच्या बँकेच्या खात्यांत जवळजवळ काही उरलं नव्हतं, आणि बहुतेक चरित्रकारांचा कौल आत्महत्येकडे आहे. वय ५५.

माणूस गेला, इंजिन लहान होत गेलं. १९२७ मध्ये बॉशने इंधन फवारणारा पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला आणि तो अवजड कॉम्प्रेसर सुटला. १९३६ मध्ये मर्सिडीजची २६० डी ही डिझेल मोटार आली. १९७६ मध्ये फोक्सवॅगन गोल्फमध्ये, म्हणजे छोट्या गाडीत, डिझेल इंजिन बसलं. आपल्याकडे १९९८ च्या अखेरीस पुण्यात बनणारी टाटा इंडिका आली आणि डिझेलवरची छोटी गाडी मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली. युरोपात २०११ च्या सुमारास विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याहून जास्त डिझेलच्या होत्या. का? कमी तेल, कमी कार्बन डायऑक्साइड, म्हणजे पर्यावरणाला बरी, असा सरकारांचाही हिशेब होता.

आता आपणच हिशेब करू. उदाहरणापुरती एक पेट्रोल गाडी घ्या, लिटरला १८ किलोमीटर देणारी. तिचीच डिझेल बहीण, २२ देणारी. ॲव्हरेज २२ टक्के जास्त! पण डिझेलचं एक लिटर पेट्रोलपेक्षा जड असतं आणि त्यात कार्बनही जास्त. पेट्रोलचं लिटर जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, डिझेलच्या लिटरमधून २.६५. म्हणजे किलोमीटरला १२८ ग्रॅम विरुद्ध १२० ग्रॅम. २२ टक्क्यांचा फायदा ६ टक्क्यांवर आला. वर्षाला १२,००० किलोमीटर चालवली तर बचत सुमारे ९० किलो.

आणि दुसऱ्या पारड्यात काय? दाबलेली हवा जितकी तापेल तितकी एफिशियन्सी चांगली, पण त्याच तपमानाला हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो. तेलाचे थेंब जिथे हवेत नीट मिसळत नाहीत तिथे काजळी होते. म्हणजे डिझेलच्या इंजिनाचा गुण आणि दोष एकाच मुळातून आलेत. धुरात ऑक्सिजन शिल्लक असतो, त्यामुळे पेट्रोल गाडीचा साधा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नायट्रोजनच्या ऑक्साइड्सवर चालत नाही. आपल्या बीएस-४ नियमात पेट्रोल मोटारीला या ऑक्साइड्सची मर्यादा किलोमीटरला ८० मिलिग्रॅम होती, डिझेलला २५०. त्याच १२,००० किलोमीटरला पेट्रोलचा एक किलो, डिझेलचे तीन. दोन किलो जास्त. ९० किलोपुढे दोन किलो किरकोळ वाटतील. पण कार्बन डायऑक्साइड साऱ्या जगाच्या वातावरणात मिसळतो, आणि हे दोन किलो सिग्नलला उभ्या असलेल्या दुचाकीवाल्याच्या, शाळेतून निघालेल्या पोराच्या नाकाशी सुटतात. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जाहीर केलं. २०१५ मध्ये तर फोक्सवॅगनची लबाडी उघडी पडली. चाचणीच्या वेळी गाडी ओळखायची आणि धूर आवरायची, रस्त्यावर मात्र मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत ऑक्साइड्स सोडायची. जगभरात अशा सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या होत्या!

एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ आलं. डिझेल मोटारीला मर्यादा ८० मिलिग्रॅम, काजळीला ४.५. त्यासाठी काजळी अडवणारा फिल्टर आणि ऑक्साइड्सवरची वेगळी यंत्रणा लागते. छोट्या गाडीत हा खर्च बसेना, म्हणून मारुतीने त्याच वेळी डिझेल गाड्या बंद केल्या. शिवाय तो फिल्टर साफ व्हायला धूर चांगला तापावा लागतो. घर ते ऑफिस चार किलोमीटर जाणाऱ्याची गाडी तापेपर्यंत ऑफिस येतं!

मग गाडी घ्यायची तरी कोणती? एका गाडीचं नाव सांगणं सोपं आहे, पण ते सगळ्यांना लागू पडणार नाही. विचारायचे प्रश्न मात्र सगळ्यांना सारखे. वर्षाला किती किलोमीटर, आणि गर्दीत की हायवेला? ॲव्हरेज लिटरमध्ये न बघता किलोमीटरला कार्बन किती? धूर कुठे सुटतो, आणि तो कोण घेतं? विजेची गाडी घेतली तर गल्लीतला धूर गेला, पण आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळशाची आहे, तो भाग हिशेबात धरायचा. गाडी बनवतानाही कार्बन खर्च होतो. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटरच चालवायची असेल तर हा भाग मोठा ठरतो, आणि मग एसटी, लोकल आणि कधीमधी रिक्षा हेच सगळ्यात चांगलं ॲव्हरेज!

रुडॉल्फ डिझेलचं गणित चुकलं नव्हतं. त्याच्या काळात सगळ्यात मोठी उधळपट्टी चिमणीतून जाणाऱ्या उष्णतेची होती, आणि ती त्याने अर्ध्याहून कमी इंधनात भागवून दाखवली. आज जगाचा बहुतेक माल त्याच्याच इंजिनांवर समुद्र ओलांडतो, आणि तिथे त्या जोडीचं दुसरं सहजी सापडत नाही. २६.२ हे उत्तर बरोबर होतं, फक्त प्रश्न एकच होता : उष्णतेतून काम किती? धुरात काय, तो कुठे आणि कोणाच्या छातीत, हे प्रश्न नंतरच्या लोकांनी विचारायचे होते. त्यांनी ते विचारायला फार उशीर केला. आपण शोरूममध्ये जाल तेव्हा तेवढा उशीर करू नका.